वेशीवरची खिडकी

व्हिसा हा सुखवस्तूंचा प्रश्न आहे, कष्टकऱ्यांच्या चळवळीने त्यात वेळ दवडू नये, असा एक समज पुरोगामी वर्तुळात बराच रूढ आहे. ज्यांची मुले न्यू जर्सीत नोकरीला आहेत, ज्यांना मे महिन्यात स्वित्झर्लंड पाहावयाचे आहे, त्यांनी खुशाल परदेशी वकिलातीच्या दारात ताटकळावे. ज्या राज्यात ऊसतोड मजुराची मुकादमाच्या उचलीतून सुटका होत नाही, तेथे हा विषय पक्षाच्या साप्ताहिकात कशाला, असे विचारले जाते. प्रश्न वरवर रास्त वाटतो. परंतु तो विचारणाऱ्यांनी वकिलातीच्या खिडकीकडे एकाच बाजूने पाहिलेले असते. त्या खिडकीत केवळ सहलीचे शिक्के मिळत नाहीत. जगातील श्रमशक्तीपैकी कोणती, किती, किती काळ आणि कोणत्या अटींवर श्रीमंत देशांत येऊ द्यावयाची, याचा निवाडा तेथे रोज होत असतो. ती खिडकी श्रमाच्या बाजाराची आहे आणि म्हणूनच तो आपला विषय आहे.

मुंबईत अमेरिकेची कॉन्सुलेट २०११ पर्यंत ब्रीच कँडीला, भुलाभाई देसाई मार्गावर होती. वांकानेरच्या महाराजांचा समुद्रकाठचा प्रासाद अमेरिकन सरकारने १९५७ साली प्रदीर्घ भाडेपट्ट्याने घेतला आणि गुलामगिरी मोडणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचे नाव त्याला दिले. त्या लिंकन हाऊसच्या कुंपणालगत सकाळच्या प्रहरी उभी राहणारी रांग हे दक्षिण मुंबईचे एक परिचित दृश्य होते. पुढे कॉन्सुलेट वांद्रे-कुर्ला संकुलात गेली, मुलाखतीच्या वेळा संगणकावर मिळू लागल्या आणि रांग नाहीशी झाली, असे कौतुकाने सांगितले जाते. ती नाहीशी झाली नाही. रस्त्यावरून उठली इतकेच. २०२२ च्या अखेरीस मुंबईत पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीची प्रतीक्षा हजार दिवसांच्या घरात पोचली होती. पदपथावरची रांग निदान एकमेकांशी बोलत असे, कोणाला का नाकारले याची चौकशी करीत असे. संगणकातल्या रांगेत प्रत्येक जण एकटा असतो, आणि एकट्या माणसाला आपला अपमान हे आपले खाजगी दुर्दैव वाटते.

या रांगेत शिरण्याची किंमत आज १८५ डॉलर आहे. अर्जात गेल्या पाच वर्षांत समाजमाध्यमांवर कोणत्या नावांनी वावरलात हे लिहावे लागते. कोणकोणत्या व्यावसायिक, सामाजिक किंवा धर्मादाय संस्थांशी संबंध होता हेही सांगावे लागते. (कार्यकर्त्यांनी हा रकाना भरावयास घेतला तर कागद पुरणार नाही.) बोटांचे ठसे एका ठिकाणी, मुलाखत दुसऱ्या ठिकाणी. मुलाखत बहुधा दोन-चार मिनिटांची असते, काचेच्या अलीकडे उभे राहून. आणि त्या दोन-चार मिनिटांवर १९५२ च्या अमेरिकन कायद्यातील कलम २१४ (ब) याची छाया असते. हे कलम असे गृहीत धरते की काही मोजके वर्ग वगळता तात्पुरत्या भेटीसाठी येणारा प्रत्येक अर्जदार वस्तुतः कायमचे राहण्यासाठीच येत आहे. तसे नाही हे अधिकाऱ्याला पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. खिसेकापूला न्यायालयात जी निर्दोषत्वाची सवलत मिळते, ती नातवाला पाहावयास निघालेल्या आजीला मिळत नाही.

आता ही आजी कोण, हे जरा पाहिले पाहिजे. समजा, ती सांगली जिल्ह्यातली एक शेतकरी विधवा आहे. चार एकर द्राक्षबाग आहे. परंतु सातबारा अजून सासऱ्यांच्या नावावर, वारसनोंद रखडलेली. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्यामुळे विवरणपत्र कधी भरलेले नाही. बँकेत पैसा द्राक्षाच्या हंगामात येतो आणि औषधफवारणीत जातो. तिची मुळे त्या मातीत इतकी खोल आहेत की तिला तिकडे ठेवून घ्यावयाचे ठरवले तरी ती राहणार नाही. परंतु ‘परत येण्याइतके घट्ट संबंध’ सिद्ध करणारा एकही कागद तिच्या पिशवीत नाही. तिच्याच शेजारच्या खिडकीवर, मुंबईत दोन सदनिका आणि मुदतठेवी असलेला गृहस्थ उभा आहे. उद्या सगळे विकून कायमचे निघून जाण्याची ऐपत त्याचीच आहे. कायदा मात्र त्याच्यावर विश्वास ठेवतो. युरोपातील शेंगेन देशांचा कायदा भाषेने अधिक सभ्य आहे, पण त्याचेही मागणे तेच: बँकेचे उतारे, मालकाचे रजेचे पत्र, किमान ३०,००० युरोंचा विमा, राहण्याची सोय, परतीच्या प्रवासाची व्यवस्था. मालमत्ता हा चारित्र्याचा दाखला आणि दारिद्र्य हा गुन्ह्याचा पुरावा, एवढे एकच सूत्र या सर्व कागदपत्रांच्या मुळाशी आहे.

हे सूत्र नवे नाही. इंग्लंडमध्ये १६६२ साली ‘सेटलमेंट’चा कायदा झाला. त्या काळी गरिबांच्या पोषणाची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावावर असे; तेव्हा परगावचा गरीब आपल्या गावात येऊन आपल्यावर भार होईल, या भीतीने सधनांनी हा कायदा करून घेतला. वर्षाला दहा पौंडांहून कमी मोलाच्या घरात कोणी परका राहू लागला, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला त्याच्या मूळ गावी हाकलून देता येत असे. त्याने काही अपराध केलेला असण्याची आवश्यकता नव्हती. तो पुढे कदाचित भार होईल, एवढा संशय पुरेसा होता. दहा पौंडांचे घर परवडणाऱ्याला मात्र कोणी विचारीत नसे. या कायद्यावर सर्वांत कडक प्रहार कोणी केला असेल, तर तो ॲडम स्मिथने. खुल्या बाजाराचे गोडवे गाणारे लोक ज्याची पूजा करतात त्याच ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात, निरपराध माणसाला त्याने निवडलेल्या गावातून हुसकावणे हा नैसर्गिक स्वातंत्र्याचा आणि न्यायाचा भंग आहे, असे निःसंदिग्धपणे लिहून ठेवले. एका गावात मजुरी जास्त आणि शेजारच्या गावात कमी का राहते, याचे कारणही त्याने या कायद्यातच शोधले. केवळ संशयावरून हाकलण्याची तरतूद इंग्लंडने १७९५ मध्ये रद्द केली. आज जगाच्या पातळीवर तोच कायदा जिवंत आहे. दहा पौंडांच्या घराच्या जागी सहा महिन्यांचा बँकेचा उतारा आला आहे, आणि गावाच्या जागी राष्ट्र.

भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरणाऱ्या कोकणी चाकरमान्याकडे जर कोणी असा उतारा मागितला असता, तर गिरणगाव उभे राहिले असते काय? रत्नागिरीचा, साताऱ्याचा, घाटमाथ्यावरचा माणूस वळकटी घेऊन परळ-लालबागला आला, गावच्या मंडळाच्या खोलीत पथारी टाकून राहिला, आणि त्याच्या घामावर मुंबईची संपत्ती निर्माण झाली. त्याला परवानगी विचारणारी खिडकी नव्हती म्हणूनच तो संघटित होऊ शकला, संपावर जाऊ शकला. ‘मुंबईला परवाना पद्धत लावा’ अशी आरोळी अधूनमधून उठते. ती देणाऱ्यांना बहुधा हेच नको असते.

श्रमिकाच्या प्रवासाचा इतिहास पाहिला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. दरवाजा कधीच कायमचा बंद नव्हता. तो मालकांच्या गरजेप्रमाणे उघडत आणि मिटत आला आहे. मॉरिशसच्या ऊसमळ्यांना १८३४ नंतर, म्हणजे गुलामगिरी संपल्यावर, मजूर हवे होते तेव्हा गिरमिटाच्या करारावर हिंदुस्थानातून माणसे जहाजे भरभरून नेली गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपल्या कोकणातले आणि देशावरचे लोकही होते, त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. त्या वेळी ब्रिटिश साम्राज्यातील प्रजाजनाला साम्राज्यात कोठेही जाण्याचा हक्क आहे, असे मोठ्या थाटात सांगितले जाई. तोच हक्क बजावण्यासाठी पंजाबी शेतकरी स्वतःच्या पैशाने कॅनडाला जाऊ लागले, तेव्हा १९०८ मध्ये नियम निघाला की मायदेशातून थेट, न थांबता आलेल्यांनाच प्रवेश मिळेल. हिंदुस्थानातून असा थेट प्रवास करण्याची सोयच नव्हती. शिवाय आशियाई माणसाच्या खिशात दोनशे डॉलर असलेच पाहिजेत, अशीही अट होती. बँकेच्या उताऱ्याचा हा पूर्वज होय. १९१४ च्या मे महिन्यात ‘कोमागाता मारू’ जहाज ३७६ प्रवाशांसह व्हँकूव्हरला पोचले. दोन महिने ते बंदरात अडकवून ठेवले गेले. वीस-बावीस जणांखेरीज कोणाला उतरू दिले नाही. परतल्यावर कलकत्त्याजवळ बजबज येथे पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि अनेक मृत्युमुखी पडले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी २०१६ साली संसदेत क्षमा मागितली. क्षमा मागण्यास एकशे दोन वर्षे लागली, तरी आशियाई प्रवाशाने खिशातले पैसे मोजून दाखवण्याची पद्धत गेली नाही. ती जगभर पसरली.

आणि आजची दारे पाहा. ऑक्टोबर २०२३ नंतर इस्राएलने लाखाहून अधिक पॅलेस्टिनी कामगारांचे परवाने स्थगित केले. त्यांच्या जागी बांधकामावर माणसे हवी होती. त्यापूर्वीच मे २०२३ मध्ये ४२,००० भारतीय कामगार पाठवण्याचा समझोता झालेला होता. जानेवारी २०२४ मध्ये रोहतकला आणि लखनौला भरतीचे मेळावे भरले. महिना एक लाख सदतीस हजार रुपयांची जाहिरात झाली आणि कडाक्याच्या थंडीत गवंडी, सुतार, सळई वाकवणारे हजारोंनी उभे राहिले. येथे मायदेशी परतण्याचे ‘घट्ट संबंध’ कोणी विचारले नाहीत, सदनिका आणि मुदतठेवी विचारल्या नाहीत. ज्या देशात जाणे खरोखरच धोक्याचे होते तेथला परवाना सर्वांत सुलभ झाला. ४ मार्च २०२४ रोजी उत्तर इस्राएलमध्ये क्षेपणास्त्राने एका भारतीय शेतमजुराचा बळी घेतला. देशातील मध्यवर्ती कामगार संघटनांनी या भरतीला विरोध केला होता, तो केवळ युद्धाच्या भीतीने नव्हे. एका पीडित कामगाराची जागा भरण्यासाठी दुसऱ्या गरजू कामगाराला वापरणे हे कामगारांच्या एकजुटीच्या मुळावर येते, म्हणून.

याउलट, जेथे कामगाराला काही हक्क मिळण्याची शक्यता असते तेथे दार फटीएवढे उघडते. २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. मोटारींचे, मद्याचे, कापडाचे जकातदर त्यात तपशीलवार ठरले. माणसांसाठी काय ठरले? कंपन्यांचे अधिकारी आणि व्यावसायिक वगळता, वर्षाला १,८०० पर्यंत आचारी, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकार. स्कॉच व्हिस्कीला मोकळी वाट आणि मजुराला योगासनांची अट! जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या सेवाविषयक करारातही माणसांच्या ये-जा करण्याविषयी एक जोडपत्र आहे. रोजगाराच्या बाजारात प्रवेश मिळवू पाहणाऱ्या व्यक्तींबाबतच्या उपायांना हा करार लागू नाही, असे त्यातच नमूद केले आहे. भांडवल आणि माल यांच्यासाठी जग एक गाव. श्रमिकासाठी मात्र त्या गावाला गावकूस, वेस आणि वेशीवर चौकीदार. गावकुसाबाहेर ठेवणे म्हणजे काय हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको.

मध्यमवर्गाला वाटते की ही कथा इतरांची आहे; आपल्याला शिक्षण आहे, कौशल्य आहे. १९ सप्टेंबर २०२५ या एकाच दिवशी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी दोन फर्माने काढली. एकाने बाहेरून आणावयाच्या नव्या एच-१बी कर्मचाऱ्यामागे मालकावर एक लाख डॉलरचे शुल्क बसवले. दुसऱ्याने, दहा लाख डॉलर देणगी देणाऱ्याला कायम वास्तव्याचा मार्ग खुला करणारे ‘गोल्ड कार्ड’ जाहीर केले. पुण्या-हिंजवडीच्या संगणक अभियंत्याने हे दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत. त्याचा व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला. नोकरी सुटली की साधारण साठ दिवसांत दुसरा मालक शोधावा, नाहीतर चंबूगबाळे आवरावे. आखातातील कफाला पद्धतीत मजुराचे राहणे मालकाच्या मर्जीवर असे; कतारने २०२० मध्ये आणि सौदी अरेबियाने २०२१ मध्ये तिच्यात काही सुधारणा केल्या. मुकादमाकडून उचल घेतलेला ऊसतोड मजूर, कफीलाच्या हाती पासपोर्ट असलेला गवंडी आणि एच-१बीवरचा अभियंता यांच्या वेतनात आकाशपाताळाचे अंतर आहे, परंतु मालकाशी भांडण्याची किंमत म्हणून तिघांनाही काम आणि ठिकाण एकदमच सोडावे लागते. युरोपात पोर्तुगालने २०१२ पासून पाच लाख युरोंची घरखरेदी करणाऱ्यांना ‘सुवर्ण व्हिसा’ दिला. घरांच्या किमती स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेल्याची ओरड झाल्यावर २०२३ मध्ये घरखरेदीचा मार्ग बंद केला. तेव्हा स्थानिकांवर भार कोण टाकतो, या प्रश्नाचे निदान एक उत्तर त्या देशाने स्वतःच देऊन ठेवले आहे.

या खिडकीचे अर्थकारणही तपासण्यासारखे आहे. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे अकरा लाख अर्ज गेले. त्यांपैकी सुमारे एक लाख पासष्ट हजार नाकारले गेले. शुल्क त्या वर्षी जूनपर्यंत ८० युरो आणि नंतर ९० युरो होते, आणि अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. बालकांच्या आणि इतर सवलती वजा धरल्या तरी ही नाकारलेल्यांची रक्कम कोटी युरोंच्या वर, म्हणजे शंभर कोटी रुपयांच्या घरात जाते. न दिलेल्या सेवेचे हे मूल्य आहे. दादाभाई नौरोजींनी ज्या संपत्तीच्या वहनाचा हिशेब मांडला, त्याच्या तुलनेत ही रक्कम क्षुल्लक आहे हे खरे. परंतु गरीब देशाने श्रीमंत देशाला अपमान करून घेण्याबद्दल पैसे द्यावेत, हा प्रकार दादाभाईंच्या कोष्टकात बसला नसता. त्यातही मधला दलाल आहेच. बहुतेक वकिलातींनी अर्ज स्वीकारण्याचे काम खाजगी कंपन्यांकडे सोपवले आहे. या धंद्यातील जगातील सर्वांत मोठी कंपनी २००१ मध्ये मुंबईतच सुरू झाली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या ब्लॅकस्टोन या गुंतवणूकसंस्थेने तिच्यातील बहुसंख्य हिस्सा घेत असल्याचे जाहीर केले. तिच्या भांडवलाने किती सीमा ओलांडल्या, आणि कोणत्याही खिडकीवर त्याचे बोटांचे ठसे घेतले गेले नाहीत! या केंद्रांत व्हिसा शुल्काखेरीज सेवाशुल्क. त्यावर जादा पैसे मोजणाऱ्याला वातानुकूलित स्वतंत्र कक्ष. वकिलात म्हणते अर्ज केंद्राने घेतला, केंद्र म्हणते निर्णय वकिलातीचा. जबाबदारी वाटून टाकण्याची ही युक्ती आपल्याकडील कंत्राटी पद्धतीशी किती जुळते, हे कामगार कार्यकर्त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

नाकारले तर दाद कोठे मागावयाची? अमेरिकेत कॉन्सुलर अधिकाऱ्याच्या निर्णयात न्यायालये सहसा हात घालीत नाहीत. जून २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मुन्योझ खटल्यात असा निर्णय दिला की, आपल्या परदेशी पतीला देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत हक्क अमेरिकन नागरिक असलेल्या पत्नीलादेखील नाही. शेंगेनच्या संहितेत कारण कळण्याचा आणि अपिलाचा हक्क लिहिलेला आहे. कारण म्हणजे छापील यादीतील एका चौकटीवर केलेली खूण. आणि अपील त्या देशाच्या कायद्याने, त्याच्याच यंत्रणेपुढे. जर्मनीने तर वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची साधी आणि बिनखर्चाची सोय १ जुलै २०२५ पासून जगभर बंद केली. आता नाराज अर्जदाराने सरळ न्यायालय गाठावे. इचलकरंजीच्या यंत्रमाग कारागिराने बर्लिनचे न्यायालय गाठावे, हा हक्क विनोदी आहे.

आपल्याकडे याहून वेगळे तत्त्व एके काळी प्रस्थापित झाले होते. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेश प्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला. जानेवारी १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात, कारण न सांगता आणि बाजू न ऐकता पासपोर्ट काढून घेणे न्याय्य नाही, असा दंडक घातला. तो पासपोर्ट कारण न देता जप्त करणारे सरकार जनता पक्षाचे होते आणि त्या मंत्रिमंडळात समाजवादी मंत्री बसलेले होते. हे आपण सोयीने विसरतो. तेव्हा दुसऱ्यांच्या खिडकीवर दगड मारण्यापूर्वी घरची खिडकी पाहणे क्रमप्राप्त आहे.

घरच्या खिडकीचे नाव आहे ‘ईसीआर’. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली, दहावी उत्तीर्ण नसलेल्या भारतीयाला आखाती देशांसह सतरा-अठरा देशांत कामासाठी जावयाचे तर सरकारची वेगळी अनुमती घ्यावी लागते आणि तसा शिक्का त्याच्या पासपोर्टावर असतो. हेतू संरक्षणाचा, तो सर्वस्वी खोटा आहे असे म्हणता येणार नाही. परंतु या अनुमतीतून सूट कोणाला? शिकलेल्याला, आणि आयकर भरणाऱ्याला. दहावी नापास सावकाराला संरक्षणाची गरज नाही! अनुमती देणारे सरकार पुढे त्या मजुराचे वेतन बुडाले, पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला, तर किती धावून जाते हे म्हसळा-श्रीवर्धनपासून राजापूरपर्यंतच्या घराघरांत ठाऊक आहे. जानेवारी २०१८ मध्ये तर अशा नागरिकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट देण्याचे सरकारने जाहीर केले. देशभर संताप उसळल्यावर त्याच महिन्यात निर्णय मागे घेतला. इस्राएल मात्र या अनुमतीच्या यादीत नाही, म्हणून तेथे जाणाऱ्याला हे तोकडे संरक्षणही नव्हते. आणि विचारांची चाळणी लावण्यात आपले सरकारही मागे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटक सरकारच्या निमंत्रणावरून राज्यघटनेवरील परिषदेस आलेल्या, ब्रिटनमध्ये अध्यापन करणाऱ्या भारतीय वंशाच्या प्राध्यापिकेला बंगळूरच्या विमानतळावरूनच परत धाडण्यात आले. अमेरिका विद्यार्थ्यांची समाजमाध्यमे तपासते म्हणून गळा काढणाऱ्या दिल्लीला त्या दिवशी काही वाटले नाही.

या सर्वांवर एक आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. बाहेरून माणसे आली की स्थानिक कामगाराची मजुरी पडते. म्हणून व्हिसाची खिडकी ही अमेरिकन वा युरोपीय कामगाराची ढाल आहे, असे तेथील काही डावेही म्हणतात. मजुरी पडते ती माणूस आल्यामुळे की तो हक्कांवाचून आल्यामुळे? ज्याला मालक बदलता येत नाही, संघटनेत जाता येत नाही, तक्रार केली तर हद्दपारीची भीती आहे, असा कामगार मालकाला स्वस्त पडणारच. तो स्वस्त राहावा याची व्यवस्था व्हिसाच्या अटीच करतात. सप्टेंबर १८६४ मध्ये लंडनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली, तेव्हा इंग्लिश कामगारांपुढे हाच प्रश्न होता. संप फोडण्यासाठी मालक युरोपातून माणसे आणीत. बंदरे बंद करा असे त्यांनी म्हटले नाही. ज्या देशांतून माणसे आणली जात त्या देशांतील कामगारांपर्यंत संपाची वार्ता पोचवली, त्यांच्याशी संघटनेचे नाते जोडले. शहाणपण त्यांच्यापाशी अधिक होते.

‘घर ज्याचे, दार त्याचे’ ही सार्वभौमत्वाची दुसरी सबब. डॉ. राममनोहर लोहियांनी पासपोर्ट-व्हिसावाचून जगात कोठेही जाता यावे असे स्वप्न पाहिले होते. त्याची चेष्टा करणारे तेव्हाही होते. पण १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला पोर्तुगीज हद्द ओलांडणाऱ्या सत्याग्रहींनी कोणाची परवानगी काढली होती? त्यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या सत्तेचे सार्वभौमत्व त्या वेळच्या कागदोपत्री निर्विवाद होते. आज त्याच गोव्यातील तरुण, आजोबा-पणजोबांची पोर्तुगीज काळातली जन्मनोंद शोधून पोर्तुगालचे नागरिकत्व घेतात आणि स्विंडनच्या गोदामांत कामाला गेलेले दिसतात. त्यांना देशद्रोही म्हणणे सोपे आहे. भारतीय पासपोर्टावर जे दार उघडत नाही ते त्या कागदावर उघडते, इतका साधा व्यवहार त्यामागे आहे. आणि गोव्यात काम मिळाले असते तर पणजोबांचे दप्तर कोणी चाळले नसते.

तेव्हा पक्षाने काय करावे? सीमा उद्या नाहीशा होणार नाहीत. परंतु नाकारलेल्या अर्जाचे शुल्क परत मिळावे, लेखी आणि नेमके कारण मिळावे, अपील येथल्या येथे आणि येथल्या भाषेत करता यावे, या मागण्या भारत सरकारने व्यापाराच्या वाटाघाटींत व्हिस्की आणि मोटारींच्या बरोबरीने मांडण्यास कोणतीही अडचण नाही. मालक बदलण्याचा हक्क नसेल तेथे कामगार पाठवण्याचा करार करू नये, ही त्याहून महत्त्वाची मागणी आहे. १९८३ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी २०१९, २०२१ आणि ऑक्टोबर २०२५ असे तीनदा मसुदे प्रसिद्ध झाले. शेवटच्या मसुद्यावर सूचना पाठवण्यास जेमतेम काही आठवडे दिले गेले. कोकणातील ज्या कुटुंबांचे आयुष्य या कायद्याने ठरते, त्यांतील किती जणांना त्याची खबर लागली? दापोली, गुहागर, म्हसळा, राजापूर या तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी आखातातून परतलेल्यांकडची करारपत्रे, भरती दलालांना दिलेल्या रकमांच्या नोंदी आणि नाकारलेल्या अर्जांचे कागद गावोगाव गोळा करावयास घ्यावेत. विधेयक संसदेत येईल तेव्हा आपल्या खासदारांच्या हातात हे कागद असले पाहिजेत.